दोन वर्षांनी डेटिंग ॲपवर परत यायचंय. जुनं प्रोफाइल चालू करू की नवीन उघडू?

नवीनच उघडा, पण आधी जुनं खातं पूर्ण काढा. फोनमधून ॲप काढलं म्हणजे खातं बंद होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन ‘डिलीट अकाउंट’ करावं लागतं. पेड प्लॅन असेल तर तो आधी प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून रद्द करा, नाहीतर पैसे कटत राहतात.

फोटो मात्र ताजेच हवेत. पहिल्यात चेहरा स्पष्ट, गॉगल नको, घोळका नको. दोन वर्षांत वजन, केस बदललेले असतात. जुना फोटो लावलात तर प्रत्यक्ष भेटीत पहिल्याच मिनिटाला विश्वास उडतो. हिंज या डेटिंग ॲपवर तीन प्रॉम्प्टही, म्हणजे स्वतःबद्दलच्या छोट्या प्रश्नांची उत्तरं, भरायचे असतात. तिथे ‘फिरायला आवडतं’ लिहिलं तर समोरच्याने विचारायचं तरी काय? ‘रविवारी पहाटे सिंहगड, वर पिठलं-भाकरी’ लिहा, बोलणं आपोआप सुरू होतं.

एकच ॲप ठेवा, दिवसाला वीस मिनिटं पुरे. तीन ॲपवर पंधरा जणांशी अर्धवट गप्पा मारल्या की माणूस पुन्हा थकून बाहेर पडतो. आठवडाभर बोलणं जमलं तर छोटा व्हिडिओ कॉल, मग दिवसाउजेडी कॅफेत भेट. घरी कुणाला तरी जागा सांगून जा. कॉल टाळणारी व्यक्ती ट्रेडिंग किंवा क्रिप्टोचा विषय काढू लागली तर लगेच ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.