पूरग्रस्तांसाठी सोसायटीने जमवलेले पैसे कोणत्या संस्थेला द्यावेत?

तुमच्या मुलुंडच्या सोसायटीने मराठवाडा आणि सोलापूरच्या पूरग्रस्तांसाठी पैसे गोळा केलेत, व्हॉट्सॲपवर रोज नवी आवाहनं येताहेत, आणि त्यातलं विश्वासाचं कोणतं हे तुम्ही विचारलंय. मी मुंबईतल्या लहान ट्रस्टचे हिशेब पाहते, म्हणून लिहिते.

कागदपत्रांच्याही आधी एक गोष्ट बघा: पूर येण्यापूर्वी ही संस्था त्या भागात काय करत होती? परांडा, भूम, माढा, करमाळा इथे बचत गटांसोबत किंवा शाळांसोबत आधीपासून काम करणाऱ्यांना कोणाची गुरं वाहून गेली, कोणाची जमीन खरडून गेली आणि मदतीच्या रांगेत उभं राहायला कोण संकोचतंय हे ठाऊक असतं. मुंबईहून टेम्पो भरून गेलेल्यांना डांबरी रस्त्यालगतचं गाव लागतं. त्या गावात रेशनचे किट दोनदा-तीनदा पोचतात, आतल्या वस्तीला एकही मिळत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर टिकलेली कामं याच प्रकारची होती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्याच बायकांना घरदुरुस्तीच्या कामात ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणलं. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, पुण्याजवळ वाघोलीला. अशा कामांना वर्षं लागतात. फोटो काढून परतणाऱ्यांना ती जमत नाहीत.

आता कागद. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि त्यांच्या संकेतस्थळावर पडताळा. संस्था कलम ८ ची (म्हणजे नफ्यासाठी नसलेली) कंपनी असेल तर तिची नोंद कंपनी कायद्याखाली सापडेल. नोंदणी नसलेल्या कोणी लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर त्यालाही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ क लागू होतं. गणेश मंडळं वर्गणीचा परवाना काढतात, तो याच कलमाखाली. ‘आम्ही काही मित्र मिळून करतोय’ असं सांगणाऱ्याला हे जरूर विचारा. ८०जी हा करसवलतीचा कागद आहे, काम चांगलं असल्याचा दाखला तो देत नाही. सवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, रोखीने २,००० रुपयांहून जास्त दिलेत तर मिळत नाही, आणि वस्तू दिल्यात तरी नाही. सोसायटीच्या खात्यातून एकरकमी दिलेत तर पावती सोसायटीच्या नावाची होईल, म्हणून ज्यांना सवलत हवी आहे त्यांनी आपापल्या पॅनसह थेट पैसे पाठवावेत आणि नंतर संस्थेकडून करसवलतीसाठीचं देणगी-प्रमाणपत्र मागून घ्यावं.

यानंतर फोन करा. माझ्या मते खरी परीक्षा तिथे होते. गावं कोणती, लाभार्थींची यादी कोणी केली, पैसे उरले तर कुठे वापरणार, आणि काय पाठवू नये? शेवटच्या प्रश्नावर काम करणारा माणूस लगेच बोलतो: जुने कपडे नकोत, चारा हवाय, वह्यापुस्तकं हवीत, विहिरींतला गाळ काढायला पंप हवाय. ‘काहीही द्या, सगळंच चालेल’ म्हणणाऱ्याला मी पैसे देणार नाही. ‘शंभर टक्के रक्कम पीडितांपर्यंत’ या जाहिरातीलाही भुलू नका. डिझेल, ड्रायव्हर, हिशेबनीस यांचा खर्च कोणीतरी करतंच. तो कोण करतो हे जी संस्था सरळ सांगते, ती मला जास्त भरवशाची वाटते.

पैसे भरताना क्यूआर कोड फॉरवर्ड केलेल्या मेसेजमधून घेऊ नका. २०२० मध्ये पीएम केअर्सच्या यूपीआय आयडीतला शेवटचा ‘एस’ गाळून कोणीतरी खोटा आयडी फिरवला होता. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून खातं घ्या आणि पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव वाचा. ते एखाद्या व्यक्तीचं असेल तर थांबा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

एवढी चौकशी करायला वेळ नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहेच. पण त्यातून गरीब रुग्णांनाही मदत जाते, त्यामुळे तुमचे पैसे अमुक गावात पोचले असं कळणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर अर्धीच रक्कम आत्ता दिली असती. खरडलेल्या शेतात पुन्हा माती टाकायचं काम उन्हाळ्यात होतं, आणि खरिपाचं बियाणं जूनच्या आधी लागतं. तोवर आवाहनं थांबलेली असतात आणि देणगीदारही दुसरीकडे वळलेले असतात. उरलेली अर्धी रक्कम मार्चमध्ये त्याच संस्थेला द्या, आधीच्या पैशांचा हिशेब बघून. पावतीवर ‘पूर पुनर्वसन’ असं लिहून घ्या, आणि हा ठराव आत्ताच सोसायटीच्या इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे कमिटी बदलली तरी ते पैसे गेटच्या रंगकामाला जाणार नाहीत.