दर महिन्याला पुस्तक, पण फोटो निवडायचे कुणी?

प्रश्न : काका, नमस्कार. निपाणीत आमचं छोटं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स अशी कामं असतात. आता गिऱ्हाइकांच्या मोबाइलमधले ५० फोटो दर महिन्याला मागवून, त्यांचं पुस्तक छापून घरपोच पाठवायचं, वर्गणी २९९ रुपये, असा विचार आहे. मिस्टर म्हणतात, जाड पुठ्ठ्याचा मोठा अल्बमच देऊ. मला लहान पुस्तक बरं वाटतं. आणि लोक दर महिन्याला पैसे देत राहतील का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, या भांडणात मी तुमच्या बाजूनं.

अमेरिकेत ग्रूव्हबुक नावाचा असाच धंदा निघाला होता. मोबाइलवरून महिन्याला १०० फोटो पाठवायचे, २ डॉलर ९९ सेंट भरायचे, टपालखर्च त्यातच. एवढ्या स्वस्तात परवडलं कसं? तर पुस्तक वाकेल अशी बांधणी केली. तिथल्या टपालात ताठ पाकिटाला जादा पैसे पडतात, वाकणारं स्वस्तात जातं. पानांना पर्फोरेशन, फाडायला बारीक भोकांची ओळ, म्हणजे हवा तो फोटो फाडून फ्रेममध्ये घाला. २०१४ मध्ये ते ‘शार्क टँक’ या धंद्याला पैसे मिळवून देणाऱ्या टीव्ही कार्यक्रमात आले आणि त्याच वर्षी शटरफ्लाय या फोटो छापणाऱ्या बड्या कंपनीनं त्यांना १ कोटी ४५ लाख डॉलरला विकत घेतलं. फोटोंइतकंच डोकं त्यांनी पाकिटावर चालवलं होतं.

आता तुमचा कागद मोजू. साडेचार बाय साडेसहा इंचाचं पान, १७० जीएसएम (चौरस मीटरला १७० ग्रॅम) आर्ट पेपर, तर एक पान सव्वातीन ग्रॅमच्या आतबाहेर. दोन्ही बाजूंनी छापलं की ५० फोटोंना २५ पानं, म्हणजे ८० ग्रॅम. कव्हर, पाकीट धरूनही स्पीड पोस्टच्या २५० ग्रॅमच्या टप्प्यात आरामात बसतं. मिस्टरांच्या अल्बमसाठी याच आकारात ३०० जीएसएम घेतलात तर नुसती पानंच १४० ग्रॅम, वर पुठ्ठा. त्यात पान मोठं केलंत, की गेलं पुढच्या टप्प्यात! २९९ मधून छपाई, बाइंडिंग, टपाल जाऊन उरणार काय, ते मग त्यांनाच विचारा.

लहान पुस्तकाचा आणखी एक फायदा मी नुकसान सोसून शिकलोय. बेळगावच्या शहापुरात माझा स्टुडिओ होता. येळ्ळूरच्या एका घरी आजोबांची पंच्याहत्तरी होती, तेव्हा १२ बाय १२ चं पुस्तक केलं. फोटो आले व्हॉट्सअ‍ॅपवरून. मी हौसेनं एक फोटो दोन पानांवर पसरला, आजोबा डावीकडे, आजी बरोबर मधोमध. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूनं १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो. तो २४ इंचांवर ताणला की इंचाला ६७ पिक्सेल, आणि छपाईला लागतात ३००. आजोबांच्या मिश्यांचे चौकोन झाले. आजी तर पुस्तकाच्या शिवणीत गेल्या. सूनबाई पुस्तक घेऊन दुकानात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘काका, आमच्या आत्तींचं नाक कुठं गेलं?’’ सगळ्या प्रती पदरच्या पैशांनी परत छापल्या.

तोच फोटो सहा इंचांवर घ्या. इंचाला २६६ पिक्सेल पडतात, चालून जातो. तरी गिऱ्हाइकाला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं पहिल्या दिवसापासून सांगायचं. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो हाती आला तर १३ बाय १० इंचांपर्यंत काळजी नाही. शिवणीकडं अर्धा इंच चेहरा नको, एवढं पाळा. आणि स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा कागदावर फोटो काळपट येतो, म्हणून जरा उजळूनच छापा. आपल्याकडं मांडवातले आणि देवघरातले फोटो आधीच अंधारे असतात.

खरी अडचण पुढंच आहे. लोक फोटो पाठवतच नाहीत. पैसे भरतील, पण हजार फोटोंतून ५० निवडायला बसणार कोण? मुलगा पुण्यात, सून बेंगळुरात, गावाकडं आईच्या फोनमध्ये सगळं साठलेलं. पहिल्या महिन्यात उत्साह, दुसऱ्यात ‘पाठवतो की’, तिसऱ्यात फोनच उचलत नाहीत. म्हणून निवड तुम्ही करा. त्यांनी दीडदोनशे सरसकट टाकायचे, तुम्ही डोळे मिटलेले, हललेले, एकाच केकचे सात फोटो बाजूला करायचे आणि ५० ची यादी मंजुरीला पाठवायची. तुमचा खरा माल हाच, छपाई काय, चार दुकानं पुढं गेलं तरी होते.

फोटोखाली नावं घालणार असाल तर एक सांभाळा. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचं सेटिंग लावलेलं नसलं की ‘लक्ष्मी’चे तुकडे पडतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन बसते. आपल्या भागात अर्ध्या घरांत एक तरी सोयरीक कन्नड असते, तिकडची नावं कन्नडमध्ये मागतील. त्यांची ओत्तक्षरंही, म्हणजे जोडाक्षरं, अशीच फुटतात. कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून प्रूफ बघून घ्या, अंदाजानं सोडू नका.

पैशांचं म्हणाल, तर यूपीआय ऑटोपे लावा. पण पैसे कापायच्या २४ तास आधी गिऱ्हाइकाला मेसेज जातो, हे ध्यानात असू दे. मागचं पुस्तक न उघडता टीव्हीशेजारी पडलेलं असलं, तर तो मेसेज बघूनच वर्गणी बंद होते. म्हणून ज्या महिन्यात फोटो आले नाहीत, त्या महिन्याचे पैसे घेऊच नका. मिस्टर चिडतील, चिडू देत. दोन महिने गप्प बसलेलं गिऱ्हाईक शिवजयंतीचे चित्ररथ नाहीतर गणपती आले की आपण होऊन फोटो पाठवतं. पैसे कापून घेतलेलं मात्र परत तोंड दाखवत नाही.

आधी घरच्या घरी एक करून बघा की. सासूबाईंचा फोन घ्या आणि त्यातून ५० काढा. अर्धे ‘शुभ सकाळ’चेच निघतील, ते पुसू मात्र नका. त्यांना विचारून घ्या.