डाव्या मनगटाची तालीम

अनेक आशीर्वाद.

मैदानात नुसती धूळ, टर्फ नाही, आणि मे महिन्यात सकाळी दहानंतर सोलापूरच्या उन्हात उभं राहवत नाही. मग हॉकीतलं ड्रिबलिंग, म्हणजे स्टिकने चेंडू घोळवत नेणं, सुधारायचं कसं, असं तू विचारलंस. घरातच सुधारेल. घरात पळता येत नाही, त्यामुळे सगळं काम मनगटावर येतं, आणि तुझं मनगटच कच्चं आहे.

तुमच्याकडे शहाबादी फरशी आहे ना, ती मोठी सोय समज. मुरमाच्या मैदानात चेंडू उसळतो, भलतीकडे जातो. फरशीवर तो सरळ आणि वेगात पळतो. 1976 च्या मॉन्ट्रियलपासून ऑलिंपिक हॉकी कृत्रिम टर्फवर होते. तिथल्या वेगाची थोडी सवय तुला या फरशीवर लागेल. सांधे नीट भरलेली जागा निवड आणि जुनीच स्टिक वापर, नवीची कड फरशीवर घासून जाईल. दुपारी खालच्या घरात माणसं झोपलेली असतात. तेव्हा जुनी सोलापुरी चादर ताणून पसर, कडांवर वजन ठेव. चादरीवर चेंडू जड चालतो, हाताला जास्त कष्ट पडतात. पडू देत.

आता मुख्य गोष्ट. चेंडूला स्टिकची फक्त सपाट बाजू लावता येते, पाठ लागली की फाऊल. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिकही नियमात नाही. म्हणून चेंडू उजवीकडून डावीकडे सरळ स्टिकने न्यायचा आणि परत आणताना स्टिक उलटी करायची, हाच रिव्हर्स. ही उलटापालट डाव्या हाताची. तो दांड्याच्या वरच्या टोकाला घट्ट हवा. उजवा खाली, सैल. स्टिक त्याच्या मुठीत बांगडीसारखी फिरली पाहिजे. तू उजव्या हाताने स्टिक पिळतोस, म्हणून तुझा रिव्हर्स उशिरा येतो आणि तेवढ्यात समोरचा चेंडू काढून घेतो.

यावर उपाय एकच: उजवा हात पाठीमागे ठेव आणि एकट्या डाव्याने चेंडू इकडून तिकडे ने. सुरुवातीला चेंडू सुटेल, हात भरून येईल. भरून आला तर विश्रांती घे; कोपरात कळ आली तर त्या दिवशी थांबच. जमायला लागलं की उजवा हात लाव, पण सैलच. गुडघे वाकव, चेंडू पायांपासून लांब, पुढे ठेव. पायाशी आला की मान खाली जाते.

मान वर राहावी म्हणून धाकट्या भावाला समोर बसव. त्याने बोटं दाखवायची, तू न थांबता आकडा सांगायचा. चेंडू कुठे आहे ते कानाने ओळख. टक-टक एकसारखी आली तर हात बरोबर चाललाय. मध्येच अडखळली तर बहुतेक रिव्हर्स उशिरा झालाय.

महागड्या स्टिकसाठी घरी हट्ट करू नकोस. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले लहानपणी तुटक्या स्टिका दोरीने बांधून खेळायचा, आणि पुढे चार ऑलिंपिक खेळला.

रविवारी लवकर ये, ऊन चढायच्या आत. स्टिक घेऊन ये, तुझी ग्रिप झिजली आहे, ती बदलू. आणि मला आधी फक्त डाव्या हाताने करून दाखव.

तुझे,
सर