रंगाचा डबा खाली ठेव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू पहिलाच प्रश्न विचारलास, तुमच्या संग्रहालयातल्या जुन्या वाफेच्या इंजिनाला रंग कुठला द्यायचा? तो डबा सध्या खाली ठेव. म्युझिऑलॉजीच्या (संग्रहालयशास्त्राच्या) वर्गात तू जे शिकलीस ते उपयोगी पडेलच, पण ही गोष्ट मला फार महाग पडली आहे म्हणून आधी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या इंजिनाची साफसफाई माझ्याकडे आली होती. उद्घाटनाची तारीख डोक्यावर होती. आम्ही वाळूचा मारा करून गंज उडवला, वर जाड रंग चढवला. इंजिन नव्यासारखं दिसू लागलं, लोकांनी कौतुक केलं. नंतर एक निवृत्त फिटर आले. कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्यावर, बोटं फिरवत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथला नंबर कुठे गेला?" वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडली की एकाचा भाग दुसऱ्याला लागायचा. कुठला रॉड मुळात कुठल्या इंजिनाचा, हे त्यावर ठोकलेल्या आकड्यांवरूनच कळायचं. ते झिजलेले आकडे आम्ही पुसून टाकले होते. आता ते परत आणण्याची काही सोय नाही.

म्हणून हात लावण्याआधी प्रत्येक भागावर टॉर्च तिरकी धर. समोरून न दिसणारे ठोकलेले आकडे तिरक्या उजेडात उठून दिसतात. फोटो काढ, वहीत उतरव. रंगाचं म्हणशील तर तळहाताएवढी एकच जागा निवड, एकेक थर पायरीसारखा उघडा कर आणि ती जागा तशीच राहू दे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाही. बॉयलरच्या पत्र्याखाली पांढरट, तंतुमय वेष्टण दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. तिथे कुणालाही बोट घालू देऊ नकोस, जाणकार माणूस बोलाव. आणि पितळी नावपट्टी दर आठवड्याला चकाकवण्याची हौस आवर. प्रत्येक घासणीत अक्षर थोडं झिजतं.

इंजिनाचा खरा वैरी पाणी. आधी छप्पर, मग बाकी सगळं. ताडपत्री अंगाला लपेटून बांधलीस तर आतला दमट वारा आतच राहील, म्हणून ती अंतर ठेवून ताण. बॉयलर पूर्ण रिकामा आणि कोरडा कर, चिमणीवर झाकण बसव. लोक एक गोष्ट हमखास विसरतात: भट्टीखालची राख आणि धुराच्या पेटीतली काजळी. कोळशातलं गंधक त्यात उरलेलं असतं. पावसाळी ओल लागली की त्याचं आम्ल होतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग छान, आत चाळण. मृग लागायच्या आत ती कोरून काढ. सागवानी डबे असतील तर वाळवी बघ, रुळांच्या लाकडी स्लीपरखालचीसुद्धा.

आता कथा कुठून सुरू करायची ते. बहुतेक जण पहिल्या इंजिनापासून सुरू करतात. आपल्या बडोदा संस्थानातल्या डभोई-मियागाम मार्गाची सुरुवात मात्र 1862 साली, खंडेराव गायकवाड महाराजांच्या काळात, बैलांनी गाडी ओढून झाली. पुढच्याच वर्षी नीलसन कंपनीचं इंजिन आलं, पण रूळ हलके होते. 1873 मध्ये इंजिन पेलतील असे मजबूत रूळ टाकले, तरी इंजिनं नियमित धावू लागली ती 1880 च्या सुमारास. त्या बैलांचं जू, त्या गाडीवानांचं एखादं नाव तुला कुठे मिळेल का? मला नाही मिळालं. तेव्हा कुणाला ते जपण्याजोगं वाटलंच नसेल. तुझ्या दालनात एक मोकळी चौकट ठेव आणि तिच्याखाली बैलांची ही हकिगत लिही. मला हे मनापासून हवं आहे.

तसं पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर माणसांकडे जा. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी घरांत श्राद्धासाठी नर्मदाकाठच्या चांदोदला छोट्या गाडीने गेलेली माणसं आहेत. कुणाच्या कपाटात पुठ्ठ्याचं जाड तिकीट असेल, कुणाला खिडकीतून डोळ्यात गेलेला कोळशाचा कण आठवत असेल. 2021 पासून केवडियापर्यंत ब्रॉडगेज (रुंद रुळांची) गाडी जाते, चांगलंच झालं, पण जुनी गाडी आता सांगण्यातूनच उरली आहे. वस्तू घेताना दाखल-नोंदवहीत देणाऱ्याचं नाव आणि त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिही, त्याच दिवशी. उद्यावर टाकलं की "जुना कंदील, 1 नग" एवढंच उरतं.

वही तळमजल्यावर ठेवू नकोस. 2019 आणि 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात कुठपर्यंत आली होती ते तू पाहिलंस. दुसरी प्रत वरच्या मजल्यावर, तिसरी तुझ्या घरी.

रविवारी प्रतापनगरला रेल्वेतल्या एका जुन्या खलाशांकडे (वर्कशॉपमधल्या मदतनिसाला खलाशी म्हणतात) जायचं आहे. वय नव्वदीच्या जवळ, ऐकू कमी येतं, पण हात अजून दाखवतात पाना कसा धरायचा. रेकॉर्डर चार्ज करून आण, आणि हातांचे फोटो काढायला कॅमेराही. सकाळी नऊला मी दाराशी उभा असेन.

तुझा,
काका