विज्ञानकथांच्या रेडिओ कार्यक्रमात संहिता आधी की मुलाखत आधी?

आपण विचारले आहे की, ‘रेडिओलॅब’सारखा विज्ञानाच्या गोष्टी सांगणारा कार्यक्रम मराठीत करायचा झाल्यास पडद्यामागे काय काय लागते, आणि संहिता आधी लिहावी की मुलाखत आधी घ्यावी. मुलाखतच आधी घ्यावी. संहिता आधी तयार झाली की तज्ज्ञाकडे आपण केवळ आपली वाक्ये वदवून घ्यायला जातो, आणि श्रोत्याला ते लगेच उमगते. इंदुरात हा वाद मी पुष्कळ वर्षे घालत आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

येथील एका छोट्या केंद्रासाठी आम्ही वटवाघळांवर एक भाग करत होतो. प्राणिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका रामबागेतील आपल्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी लहान कीटकभक्षी वटवाघळांचे आवाज टिपत असत. हे आवाज माणसाच्या कानाच्या 20 किलोहर्ट्झच्या मर्यादेपलीकडचे, पुष्कळदा 45 किलोहर्ट्झच्या आसपासचे असतात. 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झ सॅम्पलिंग रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके हजार नमुने घेणारा, नेहमीचा रेकॉर्डर तेथे उपयोगी पडत नाही, कारण त्या दराच्या निम्म्याहून वरची कंप्रता त्यात नोंदलीच जात नाही. शिवाय एफएमवरून 15 किलोहर्ट्झच्या वरचे काही प्रसारित होत नाही. म्हणून बाई खास मायक्रोफोनने अधिक दराने ध्वनिमुद्रण करत आणि ते दहापट संथ करून ऐकवत, म्हणजे 45 किलोहर्ट्झचा आवाज 4.5 किलोहर्ट्झवर येई. कीटक जवळ येऊ लागला की वटवाघळाच्या हाका भराभर दाट होत जातात, अखेरीस सेकंदाला दोनशेच्या घरात पोहोचतात आणि एकाएकी थांबतात. आमच्या भागाचा उत्कर्षबिंदू त्या संथ केलेल्या ध्वनिमुद्रणातच तयार होता. त्याला सतार, बासरी यांपैकी कशाचीही गरज नव्हती.

मी बाईंना विचारले की, शेकडो वटवाघळे एकाच वेळी ओरडत असताना प्रत्येकाला स्वतःचाच प्रतिध्वनी कसा ओळखू येतो. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काही जाती आपला सूर जरा वरखाली करतात, एवढे ठाऊक आहे. पण इतक्या गर्दीत नेमके काय घडते, ते पूर्णपणे अजून कुणालाच कळलेले नाही. मलाही नाही.” त्यांचे मराठी अस्सल इंदुरी होते, मधूनमधून हिंदीत शिरणारे, आणि त्या शांततेत दूरवरून एका रिक्षाचा आवाज आला होता.

केंद्रावरच्या निर्मात्यांनी मला न विचारता ते सगळे कापले. रेडिओवरची शांतता म्हणजे बिघाड, तज्ज्ञाने “ठाऊक नाही” म्हटले की कार्यक्रमाची पत जाते आणि असले मराठी प्रसारणयोग्य नाही, अशी तीन कारणे त्यांनी दिली. त्यांनी बाईंची वाक्ये नीटस करून एका निवेदकाकडून वाचून घेतली आणि आरंभी प्रतिध्वनीच्या साहाय्याने दिशा ओळखण्याची व्याख्या जोडली. भाग प्रसारित झाला तेव्हा बाईंचा आवाज त्यात जवळपास उरलाच नव्हता, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

त्या व्याख्येने किती नुकसान केले ते पाहा. 1793 मध्ये इटलीत स्पालांझानी या निसर्गशास्त्रज्ञांना दिसले की, डोळे निकामी केलेली वटवाघळेही अडथळ्यांना न धडकता उडतात. जिनिव्हाच्या ज्युरीन या शल्यचिकित्सकांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा मात्र ती धडकू लागली. आपल्याला काही ऐकूच येत नसताना वटवाघळांना कान कशाला लागतात, याचे उत्तर दोघांजवळ नव्हते, आणि त्यांच्या निष्कर्षाला विद्वानांनी फारसे मानले नाही. पुढे 1938 मध्ये हार्वर्डला ग्रिफिन या विद्यार्थ्याने आपली वटवाघळे पियर्स या भौतिकशास्त्रज्ञांच्या श्राव्यातीत ध्वनी टिपणाऱ्या यंत्रासमोर नेली, तेव्हा ती ओरडत असतात हे कळले. श्रोत्याला आरंभीच उत्तर सांगून टाकले, तर मधल्या सुमारे 145 वर्षांचे कोडे त्याच्या वाट्याला येतच नाही. निर्माते म्हणत की, उत्तर तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मुलांना उत्तर ठाऊक असते. ते सापडले कसे, हे ठाऊक नसते, आणि कार्यक्रम त्यासाठीच करायचा असतो.

‘रेडिओलॅब’ न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी केंद्रावर 2002 मध्ये सुरू झाला. त्याचे दोन सूत्रधार, जॅड अबुमराद संगीतरचना शिकलेले आणि रॉबर्ट क्रुलविच मुरलेले वार्ताहर, एकाने सांगावे आणि दुसऱ्याने मध्येच अडवून “म्हणजे काय?” असे विचारावे, हा त्यांच्या संवादाचा कणा होता. त्यांचे अनुकरण करणारे बहुतेक जण ध्वनींचे थर तेवढे उचलतात आणि ही अडवून विचारण्याची रीत सोडून देतात. मला हे सपशेल चुकीचे वाटते.

यंत्रसामग्रीचे थोडक्यात सांगते: पंखा, कूलर आणि फ्रिज बंद करावा, मे महिन्यातही, मुलाखत संपली की त्याच खोलीतील निव्वळ शांतता मिनिटभर मुद्रित करावी, म्हणजे जोडकाम करताना सांधे ऐकू येत नाहीत. वटवाघळांसारखा विषय नसेल तर साधा रेकॉर्डर पुरतो.

अर्थात सगळेच जसेच्या तसे ठेवा, असे माझे म्हणणे नाही. भरकटलेले बोलणे कापावेच लागते. पुष्कळ केंद्रांवर शांतता ओळखून इशारा देणारी यंत्रणा असते. ती किती सेकंदांनी जागी होते, हे तेथील अभियंत्यांना आधी विचारून घ्यावे. तसेच तज्ज्ञांना प्रसारणापूर्वी त्यांचा भाग ऐकवावा, आणि आपली कबुली किंवा आपले अडखळणे काढून टाका असे त्यांनी सांगितल्यास ते विनातक्रार काढावे. मात्र त्या रिकाम्या जागी निवेदकाकडून त्यांच्या नावाने काहीही वदवून घेऊ नये.