शिकवायला जायचंय, तर आधी हात बसू दे

नमस्कार ताई,

तुमची लेक बी.एस्सी. नर्सिंग करून पुण्यात दोन वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. मामा आयर्लंडचं म्हणतोय आणि हिला आफ्रिकेत नर्सना शिकवायला जायचंय. त्यात एक एजंट दीड लाख मागतोय. ‘हे खूळ डोक्यातून काढा,’ असं तुम्ही बार्शीहून लिहिलंत.

आधी एजंटाचं. एक रुपयाही देऊ नका. स्वयंसेवक नेणारी संयुक्त राष्ट्रांसारखी संस्था उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

पण खूळ म्हणू नका. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ च्या नरसंहारात कितीतरी डॉक्टर-नर्स मारले गेले, उरलेल्यांतले बरेच देश सोडून गेले. २०१२ मध्ये तिथल्या सरकारनं अमेरिकेतल्या विद्यापीठांना सोबत घेऊन डॉक्टर-नर्स घडवण्याचा सात वर्षांचा कार्यक्रम आखला. बाहेरून आलेल्या शिक्षकाची जोडी तिथल्याच शिक्षकाशी लावायची, म्हणजे पाहुणा परतला तरी वर्ग चालू राहतो. सगळ्या जोड्या काही जमल्या नाहीत. पत्रिका जुळवूनही कुठे सगळ्या जमतात!

हे शिकवणं फळ्यावरचं नसतं. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायचा, हे अनेक गरीब देशांत बाहुलीवर शिकवतात. बाहुलीत पाणी भरलं की ती खऱ्या बाळाइतकी जड लागते, हातात मान तशीच लुळी पडते. समोरची सुईण मास्क चुकीचा धरत असते, छाती वर येत नसते आणि आपण आपले हात मागे ठेवून तिला तिची चूक सापडू द्यायची असते. हातात कौशल्य असलेल्या माणसाला हे फार जड जातं.

म्हणून घाई नको. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत ‘स्पेशालिस्ट’ म्हणून जायला वयाची २७ वर्षं आणि निदान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तिथे पगार नसतो, निर्वाह भत्ता मिळतो. त्यावर घराचे हप्ते फिटणार नाहीत, हे तिला आजच सांगा. मधल्या काळात एम.एस्सी. नर्सिंग करता येईल. फ्रेंच शिकली तर पश्चिम आफ्रिकेतले देशही खुले होतात. आधी आयर्लंडला गेली तरी काही बिघडत नाही, तो अनुभवही धरला जातो.

आणि जामखेड तुम्हाला किती लांब? आरोळे डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये तिथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात परदेशातून लोक शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावातल्या, जेमतेम शाळा पाहिलेल्या बायका असतात. लेकीला आठवडाभर तिथे धाडा.

एक विचारा तिला. वॉर्डात नव्या आलेल्या मुलींना कामाला कोण लावतं? ती लावत असेल, तर मेट्रनबाईंकडून तसं लेखी आत्ताच घ्यायला सांगा. नोकरी सोडल्यावर त्या एका कागदासाठी चपला झिजतात.