१९६८ च्या अँबेसेडरच्या मागच्या एक्सलला ९० नंबरचं तेल की १४०? जीएल-४ की जीएल-५?

तुमची मार्क २, गाडी सांगलीत, चालताना एक्सल थोडा घूं-घूं आवाज करतो (घुमतो) म्हणून मेकॅनिक १४० नंबर टाका म्हणतोय, आणि जीएल-५ पितळ खातं असं तुम्ही वाचलंय. थेट सांगतो: ८०डब्ल्यू-९०, मिनरल (म्हणजे सिंथेटिक नव्हे), जीएल-५. १४० नको. नंबर म्हणजे तेलाची जाडी, जीएल म्हणजे दातांवरचा दाब सोसण्याची प्रत.

अँबेसेडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. तिचं क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, हायपॉइड आहे, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसून खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, जबर दाबाखाली घासतही जातात. तिथे साध्या तेलाचा थर टिकत नाही. ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर, जबर दाबाच्या) तेलातली सल्फर-फॉस्फरसची द्रव्यं दात तापले की पोलादावर पातळ थर धरतात आणि धातूला धातू भिडू देत नाहीत. जीएल-५ मध्ये त्यांचं प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट. सपाटीला जीएल-४ वर गाडी चालेल, पण चार माणसं घेऊन पसरणी घाट चढवायचा असेल तर मी जीएल-५ च टाकेन.

पितळेची भीती खोटी नाही, पण ती गिअरबॉक्सची. तिथल्या सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) पितळी असतात, म्हणून एक्सलचं उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. एक्सलमध्ये जीएल-५ खरोखर वर्ज्य आहे ते वर्म ड्राइव्हच्या (पिनियनऐवजी स्क्रूसारखा गिअर असलेल्या) गाड्यांना, उदाहरणार्थ प्यूजो ४०४, कारण तिथलं मोठं चाकच ब्राँझचं.

आता १४०. त्याने घुमणं दबतं, झीज थांबत नाही. जाड तेल सकाळी थंड असताना पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं, आणि ते घुसळण्यात ताकद वाया जाऊन एक्सल जास्त तापतो. ९० हा आकडा ऐकून ते फार पातळ किंवा फार जाड असं काही समजू नका. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी, गरम झाल्यावर हे तेल २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच्याच आसपास असतं. फुल सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० चा जुन्या गाडीला फायदा थोडा आणि जुन्या सीलमधून पाझरण्याचा त्रास जास्त.

दुकानात एक घोळ हमखास होतो. कुपवाड एमआयडीसी आणि साखर कारखान्यांमुळे आपल्याकडे ‘ईपी २२०’ सहज मिळतं. जाडी ९० सारखीच, पण ते कारखान्यातल्या गिअरबॉक्सचं तेल, हायपॉइडला पुरत नाही. ट्रॅक्टरचं ट्रान्समिशन ऑइलही तसंच. डब्याच्या पुढच्या बाजूला नुसतं ‘ईपी ९०’ असेल तर मागे वळवून बघा, ‘एपीआय जीएल-५’ छापलेलं हवं. सुटं तेल घेऊच नका. दोन लिटर आणा, थोडं उरेल.

बदलताना गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून सपाट जागी उभी करा. आधी वरचा भरायचा प्लग उघडा. जुने प्लग जाम असतात. खालचा उघडून तेल गेलं आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी जागेवर अडकते. तेल ताटलीत धरा. बारीक करडा चिखल चालतो. नखाला टोचणारा कण म्हणजे दाताचा किंवा बेअरिंगचा तुकडा. मग हौसिंग उघडायचं, नुसतं तेल बदलून भागणार नाही. रॉकेलने धुऊ नका, ते एक्सलच्या नळ्यांत साचून नवं तेल पातळ करतं.

नवं तेल नरसाळं आणि फूटभर पारदर्शक नळीने सावकाश भरा. भोकापर्यंत आलं की पंधरा मिनिटं थांबा. तेल नळ्यांत उतरतं आणि पातळी पुन्हा खाली जाते. परत भरा, जादा ठिबकून जाऊ द्या, मगच प्लग लावा. जास्त भरलं तर तेल हब सीलमधून ब्रेक लायनरवर जातं.

हौसिंगवरचा छोटा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) मात्र बहुतेक जण विसरतात. तो मातीने बुजला की गरम हवेचा दाब पिनियन सीलमधून तेल बाहेर ढकलतो, आणि मेकॅनिक सीलमागून सील बदलत बसतो. आधी ब्रीदर तारेने मोकळा करा. सील बदलावंच लागलं तर पिनियन नट अंदाजाने आवळू देऊ नका, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला ठरावीक ताण) बिघडला की खरं घुमणं तेव्हा सुरू होतं.

गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी होती का? असेल आणि तेल ताकासारखं पांढरट निघालं, तर पाणी आत गेलंय. स्वस्तातलं जीएल-५ भरून वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, गरम असतानाच काढा, आणि स्वच्छ निघेपर्यंत हे करा. हब बेअरिंगही काढून बघा, तिथला गंज तेलाने जात नाही.

एरवी वीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदला. आत्ता बदलल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनी मागचे ड्रम उघडून लायनर कोरडे आहेत ना, तेवढं पाहून घ्या.